परत परत येणारी ठकठक आणि ७० च्या वेगाला सुटणारी स्टिअरिंगची थरथर : जुन्या एसयूव्हीची घरी केलेली दुरुस्ती

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. सावकाश चालताना एखाद्या उथळ खड्ड्यातून एकच चाक गेलं की पुढून ‘ठक्’ असा कोरडा, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवलं की तोच आवाज, जरा मऊ. आणि तिसरं लक्षण खरं भीतीचं. ताशी ६५ ते ७५ किमीच्या दरम्यान रस्त्याचा एखादा सांधा लागला की स्टिअरिंग हातातून निसटेल इतकं जोरात थरथरायला लागतं आणि वेग ४० च्या खाली येईपर्यंत थांबत नाही. असं झालं तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सलरेटर सोडा आणि हळूहळू वेग कमी करत बाजूला घ्या. कारण सापडेपर्यंत ती गाडी मोठ्या रस्त्यावर नेऊ नका. हे मी मनापासून सांगतोय. मी ती नेली होती, आणि आज तसं करणार नाही.

माझी गाडी वीस वर्षांची आहे. शिडीसारखी चासी (खालचा पोलादी सांगाडा), पुढे आणि मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा कणा), चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग. जुन्या स्प्रिंग खचल्या होत्या, म्हणून ५० मिमी उंची वाढवणाऱ्या नव्या स्प्रिंग मी स्वतः बसवल्या. त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी ठकठक सुरू झाली. पुढच्या दीड वर्षात ती चार वेळा गेली आणि चार वेळा परत आली.

त्या चार वेळांचा हिशोब मांडतो, कारण खरं उत्तर त्यातच लपलं होतं. पहिल्यांदा अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक बदलल्या. तीन आठवडे शांतता. दुसऱ्यांदा टाय रॉडचे (पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याचे) दोन्ही एंड नवे घातले आणि अलाइनमेंट करून घेतली. पाच आठवडे ठीक. तिसऱ्यांदा एका कारागिराच्या सांगण्यावरून स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा छोटा शॉकअप) बदलला, थरथर तीन महिने गायब झाली आणि मला वाटलं सुटलो. चौथ्यांदा टायर बदलून बॅलन्सिंग केलं. प्रत्येक वेळी बदललेला भाग थोडाफार झिजलेला होताच, त्यामुळे ‘हेच कारण’ असं वाटणं साहजिक होतं. पण दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं.

मग दर वेळी थोडे दिवस बरं का वाटायचं? आता मागे वळून पाहिलं की स्पष्ट दिसतं. पुढचं काहीही उघडलं की आजूबाजूचे चार बोल्ट आपण सवयीने आवळतोच. जो बोल्ट खरा ढिला होता, तोही त्या आवळण्यात काही दिवस धरून बसायचा. नवा डॅम्पर थरथर गिळून टाकतो, तिचं कारण मात्र तसंच राहतं. आणि नव्या, नीट बॅलन्स केलेल्या टायरमुळे थरथर सुरू करणारा धक्काच कमी होतो. टायरचा व्यास ७५० मिमी धरला तर घेर सुमारे २.३६ मीटर येतो. ताशी ७० किमीला चाक सेकंदाला जवळपास ८ फेरे मारतं. टायरमध्ये थोडाही असमतोल असेल तर सेकंदाला ८ धक्के ॲक्सलला बसतात. सांधे घट्ट असतील तर ते धक्के तिथेच विरतात. एखादा सांधा सैल असेल आणि त्याच्या हलण्याचा ताल याच्या आसपास असेल, तर झोका वाढतच जातो. ठरावीक वेगालाच थरथर सुटते ती त्यामुळे. बॅलन्सिंग म्हणजे झोक्याला ढकलणारा हात बाजूला करणं. झोका तिथेच असतो.

हे सगळं मुख्यतः पुढे अखंड ॲक्सल, कॉइल स्प्रिंग आणि पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा दांडा) असलेल्या गाड्यांना लागू पडतं. १९७० मध्ये आलेली रेंज रोव्हर, १९७९ ची मर्सिडीज जी, १९८४ ची जीप चेरोकी, १९९० ची ८० मालिकेतली लँड क्रूझर, १९९८ ची तिसऱ्या पिढीची जिम्नी, या सगळ्यांच्या पुढच्या ॲक्सलची मांडणी याच घराण्यातली. तुमच्या गाडीत पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असतील तर पॅनहार्ड रॉडचा भाग सोडून द्या, पण बुश (सांध्यात बसणारे रबरी जोड) कसे आवळायचे आणि शॉकअपची लांबी कशी मोजायची ते तुमच्याही कामाचं आहे.

माझी मूळ चूक एकाच वाक्यात सांगता येते. मी दर वेळी गाडी जॅकवर उचलून, चाकं हवेत लोंबकळत ठेवून तपासत होतो. पहार घालून प्रत्येक सांधा हलवून बघत होतो आणि सगळं घट्ट लागत होतं. चाकं लटकली की ॲक्सल आपल्या वजनाने खाली ओढला जातो, सगळे रॉड एका बाजूला ताणले जातात आणि सैल सांध्यातली फट मिटते. पहारेने आपण जेवढा जोर लावतो तो टायर आणि स्टिअरिंगमधून येणाऱ्या जोरापुढे काहीच नसतो. सांधा बघायचा तर त्याच्यावर त्याचा रोजचा भार हवा.

म्हणून ही तपासणी. गाडी सपाट, कोरड्या जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला, मागच्या चाकांना पुढून-मागून अडण्या. इंजिन चालू, म्हणजे पॉवर स्टिअरिंगला जोर मिळेल. बंदिस्त जागेत इंजिन चालू ठेवू नका. माझी बहीण स्टिअरिंगवर बसली. तिने चाकं वळतील इतकं नाही, तर टायरचा नुसता विरोध जाणवेल इतकंच स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं, सेकंदाला एकदा, एकसारख्या तालात. मी बाजूने, चाकांच्या रेषेबाहेर आडवा पडून टॉर्चच्या उजेडात एकेक सांधा बघत गेलो. क्रम ठेवा, नाहीतर नजर भिरभिरते. मी स्टिअरिंग बॉक्सपासून सुरुवात केली. बॉक्स चासीवर जिथे बसतो तिथे तो हलतो का, चासीला तडा आहे का. मग पिटमन आर्म (बॉक्सखालचा छोटा दांडा), ड्रॅग लिंकची (तिथून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) दोन टोकं, टाय रॉडची दोन टोकं, आणि शेवटी पॅनहार्ड रॉडची दोन टोकं. रॉड आणि ब्रॅकेट एकत्र हलले तर चालतं. एक हलला आणि दुसरा स्थिर राहिला, की तिथे फट आहे.

डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते. बोट सांध्याच्या शेजारी, दोन्ही भागांवर टेकेल असं ठेवा, पण दोन भाग मिटतील अशा फटीत कधीही घालू नका. मोबाइल जमिनीवर टेकवून स्लो मोशनमध्ये चित्रण केलं तर आणखी सोपं जातं. मी तेच केलं, आणि पडद्यावर पाहिल्यावर काही क्षण बोलताच आलं नाही. पॅनहार्ड रॉडच्या ॲक्सलकडच्या टोकाला बोल्टचं डोकं प्रत्येक हेलकाव्याला ब्रॅकेटवर दीड-दोन मिलिमीटर सरकत होतं. दीड वर्ष मी त्या बोल्टच्या आजूबाजूचं सगळं बदलत होतो.

खरं तर खूण आधीपासून होती. त्या ब्रॅकेटच्या तोंडाशी विटकरी रंगाची बारीक पूड साचलेली होती. आवळलेले दोन भाग एकमेकांवर घासले की लोखंडाची अशी गंजलेली पूड बाहेर पडते. साधा गंज पत्र्यासारखा पसरतो आणि पापुद्रे धरतो. ही पूड सांध्याच्या कडेने रेघेसारखी येते, बोटाला पावडरसारखी लागते. गाडीखाली गेलात की आधी ती शोधा. मी तिच्यावर नेहमीचा गंज म्हणून ब्रश फिरवून मोकळा झालो होतो.

पॅनहार्ड रॉडचं काम काय ते थोडक्यात सांगतो. कॉइल स्प्रिंग गाडीचा भार पेलते, पण ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकण्यापासून अडवू शकत नाही. ते काम हा एकटा रॉड करतो. त्याचं एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानार या फ्रेंच कंपनीच्या मोटारींत तो आला आणि तिचंच नाव त्याला चिकटलं. वळणावर, खड्ड्यात, स्टिअरिंग फिरवताना ॲक्सलवर येणारा सगळा आडवा जोर या रॉडच्या दोन बोल्टांमधून जातो.

आता बोल्टाबद्दल, कारण याबाबतीत माझीही समजूत चुकीची होती. आपल्याला वाटतं बोल्ट खिळ्यासारखा भोकात बसून रॉडला अडवतो. तसं नाही. बुशच्या आतली पोलादी नळी ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये इतक्या जोराने दाबली जाते की घर्षणानेच ती जागची हलत नाही. बोल्टचं काम फक्त दाबून धरण्याचं. हा दाब कमी पडला की नळी सरकायला लागते, बोल्ट भोकाच्या कडेवर आपटायला लागतो आणि गोल भोक लंबगोल होतं. एकदा भोक लंबगोल झालं की नुसतं आवळून भागत नाही. आवळलेला बोल्ट चार-पाच आठवडे धरतो, एखादा मोठा धक्का बसतो, आणि पुन्हा तेच. माझं १४ मिमीचं भोक आडव्या दिशेने १५.५ मिमी झालं होतं.

दाब कमी का पडला, तेही सापडलं. नव्या स्प्रिंग बसवताना मी ब्रॅकेट आतून-बाहेरून रंगवला होता, चांगला जाड थर देऊन. नळी आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये तो रंग राहिला. रंग दाबाखाली हळूहळू चेपला, तुटला, आणि बोल्टमधला ताण गेला. शिवाय मी तो बोल्ट टॉर्क पान्याशिवाय (ठरलेल्या जोराला ‘क्लिक’ होणारा पाना), लांब दांड्याच्या पान्याने ‘पुरेसा’ आवळला होता. रंग लावायचाच तर बाहेरून लावा. नळी जिथे टेकते ते वर्तुळ स्वच्छ, उघडं लोखंड असू द्या.

कारण सापडलं तरी बाकीचे सांधे सोडून चालत नाही, आणि काही तपासण्या चाक उचलूनच कराव्या लागतात. चाक वर आणि खाली धरून हलवा. प्ले (सैलपणा) लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट (चाक ज्यांवर वळतं ते सांधे). डावी-उजवीकडे धरून हलवताना प्ले लागला तर टाय रॉडकडे बघा. माझ्या गाडीत उजव्या बेअरिंगला किंचित प्ले होता. ग्रीस बदलून, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे नट बसवून तो गेला.

भोकाची दुरुस्ती घरी अर्धीच केली. लंबगोल भोक मोठं करून जाड बोल्ट घालायचा मार्ग सोपा वाटतो, पण मग बुशची नळीही त्या मापाची लागते, ब्रॅकेटचं लोखंड आणखी कमी होतं. मी ६ मिमी जाडीच्या पट्टीतून, मधोमध नेमकं १४ मिमीचं भोक असलेल्या दोन चकत्या लेदवर करून घेतल्या. त्या कानांच्या बाहेरच्या बाजूने, मूळ जागेवर बोल्ट घालून केंद्र जुळवून, अनुभवी वेल्डरकडून वेल्ड करून घेतल्या. या रॉडच्या ब्रॅकेटवर वेल्डिंग शिकायला जाऊ नका. वेल्डिंगआधी पॅनहार्ड रॉड काढून ठेवा, नाहीतर बुशचं रबर जळेल. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सुटं करा, वेल्डिंगची अर्थ ब्रॅकेटच्या जवळच जोडा म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही, आणि जवळचे ब्रेक आणि इंधनाचे पाइप झाका किंवा बाजूला करा. ब्रॅकेट तारेच्या ब्रशने घासून तडे आधीच शोधा. वेल्डच्या कडेला केसासारखी बारीक गंजलेली रेघ दिसली तर तो तडाच समजा.

बोल्ट आणि नट नवे घ्या. डोक्यावरचा आकडा वाचा. ८.८ म्हणजे पोलादाची ताण सोसायची ताकद साधारण ८०० मेगापास्कल आणि तिच्या ८० टक्क्यांपर्यंत ते कायमचं न ताणता टिकतं. १०.९ म्हणजे १००० आणि ९० टक्के. मूळ बोल्ट १०.९ असेल तर ८.८ घालू नका. आणखी एक बारकावा : बोल्टचा गुळगुळीत भाग ब्रॅकेटच्या भोकात यायला हवा. आटे असलेला भाग भोकात आला तर तो कानशीसारखं भोक खातो. लांबी मोजून घ्या, लागल्यास जास्तीचे आटे कापा. टॉर्कचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, आणि तो आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, ते वाचा. तेल किंवा अँटी-सीझ लावून कोरड्याचा टॉर्क दिला तर बोल्टमध्ये अपेक्षेपेक्षा बराच जास्त ताण येतो.

इथपर्यंत ठकठकीची गोष्ट होते. पण बुश वर्षभरात का फाटले, हे कोडं राहिलं होतं. स्प्रिंग बदलताना मी रेडियस आर्मचे (ॲक्सलला चासीशी पुढे-मागे धरणाऱ्या दांड्यांचे) सगळे बुश नवे घातले होते. चौदा महिन्यांत चासीकडचे दोन्ही बुश आतल्या नळीभोवती गोलाकार चिरले होते.

रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. आतली नळी बोल्टने ब्रॅकेटला घट्ट धरलेली असते, बाहेरची आर्ममध्ये ठोकलेली असते, आणि मधलं रबर दोघींना चिकटलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. म्हणजे ज्या स्थितीत तुम्ही बोल्ट आवळता, ती त्या रबराची आरामाची स्थिती ठरते. चाकं लटकत असताना आवळलं, तर गाडी जमिनीवर उतरताच रबर पिळलं जातं आणि दिवसरात्र पिळलेलंच राहतं. माझे आर्म ९५० मिमी लांब आहेत. चाकं लटकली की ॲक्सल सुमारे ७० मिमी खाली जायचा. म्हणजे आर्मच्या कोनात सुमारे ४ अंशांचा फरक. गाडी उभी असतानाही रबर ४ अंश पिळलेलं, आणि खड्ड्यात चाक वर गेलं की त्यावर आणखी. चांगला बुशही याने फाटतो. त्यामुळे गाडी थोडी कडक, धक्के देणारी वाटते ते वेगळंच.

म्हणून नियम एकच : सस्पेन्शनमधला रबरी बुशचा प्रत्येक बोल्ट गाडीचा भार चाकांवर असताना शेवटचा आवळायचा. चाकं हवेत असताना बोल्ट फक्त हाताने, सरकू शकतील इतके लावा. मग गाडी जमिनीवर उतरवा, थोडी पुढे-मागे ढकला, बंपरवर वजन देऊन पाच-सहा वेळा खालीवर करा, आणि मग टॉर्क द्या. गाडीखाली शिरायला जागा कमी असेल तर स्टँड चासीखाली न लावता दोन्ही ॲक्सलच्या चारही टोकांखाली लावा. मग स्प्रिंगवर गाडीचं वजन राहतं आणि आर्म त्यांच्या नेहमीच्या कोनात येतात.

उंची बदलली की सगळे बुश ढिले करून पुन्हा आवळायचे, हे त्याच नियमाचं पुढचं टोक. जुने बुश ठेवून नुसत्या ५० मिमी उंच स्प्रिंग घातल्या तरी ९५० मिमीच्या आर्ममध्ये ३ अंशांचा कायमचा पीळ पडतो. हे काम अर्ध्या तासाचं आहे, आणि स्प्रिंग बदलणारे बहुतेक जण ते करत नाहीत.

पॉलियुरेथेन बुश घालू का, हा प्रश्न इथे येतोच. ते नळीभोवती फिरतात, त्यामुळे पिळण्याचा प्रश्न नाही, आणि लवकर फाटत नाहीत. अँटी-रोल बारला आणि शॉकअपच्या टोकांच्या कड्यांना मी ते खुशाल घालीन. पण ॲक्सलकडे दोन बोल्ट असलेल्या रेडियस आर्मवर नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की असा आर्म वाकडा होऊ पाहतो, आणि तेवढी लवचीकता रबरातूनच मिळते. कडक बुश ती देत नाही, मग तो जोर ब्रॅकेटवर जातो आणि तिथे तडे पडतात. पॅनहार्ड रॉडलाही मी रबरच ठेवलं. पॉलियुरेथेन घालायचंच असेल तर सोबत येणारं सिलिकॉनचं ग्रीस नळीला नीट लावा, नाहीतर सुकल्यावर करकर सुरू होते.

आता स्प्रिंगच्या उंचीने बिघडवलेल्या इतर गोष्टी. इथे माझ्या डोक्यात दोन आवाज एक झाले होते. पॅनहार्डचा ‘ठक्’ चाक आडवं ढकललं गेल्यावर यायचा. पण उंचवटा ओलांडून चाक पलीकडे खाली पडताना येणारा दुसरा, जरा बोथट ‘ठप्’ वेगळाच होता. बोल्टची दुरुस्ती झाल्यावर पहिला गेला, दुसरा राहिला.

तो शॉकअपचा होता. मूळ शॉकअप ठेवून स्प्रिंग ५० मिमी वाढवली की गाडी उभी असतानाच शॉकअप ५० मिमी जास्त उघडलेला असतो. आधी चाक १२० मिमी खाली जाऊ शकत होतं, आता ७० मिमीवरच शॉकअप पूर्ण उघडून आतल्या आत आपटतो. खात्री करायला चासी स्टँडवर घेतली, ॲक्सलखाली जॅक धरला आणि एका बाजूच्या शॉकअपचा खालचा बोल्ट काढून जॅक सावकाश उतरवला. ॲक्सल आणखी ३५ मिमी खाली गेला. म्हणजे शॉकअपच ॲक्सलला टांगून धरत होता. हे करताना ब्रेकच्या होजवर, एबीएसच्या वायरवर आणि ॲक्सलच्या ब्रीदर पाइपवर डोळा ठेवा. होज ताणायच्या आधी थांबा. उंची वाढवल्यावर होज लांब लागत असेल तर तो बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

नवा शॉकअप लांब घ्यायचा, पण लांब म्हणजे मिटल्यावरही लांब. तो पूर्ण मिटण्याआधी बंप स्टॉप (ॲक्सलला फार वर जाऊ न देणारा रबरी ठोकळा) टेकायला हवा, नाहीतर सगळा धक्का शॉकअपच्या आतल्या व्हॉल्व्हवर बसतो. माझ्याकडे बंप स्टॉप २५ मिमी लांब करावे लागले. प्रत्यक्षात किती मिटतो ते बघायला एक सोपी युक्ती आहे. शॉकअपच्या चकचकीत दांड्याला प्लॅस्टिकचा केबल टाय घट्ट बांधा आणि तो सरकवून खालच्या नळकांड्याला टेकवा. खराब रस्त्यावर एक फेरी मारून या. टाय दांड्यावर जिथे सरकून थांबला असेल, तिथपर्यंत शॉकअप मिटला. दांड्याला रबरी बूट असेल तर तो वर सरकवून बांधा.

उंचीचा तिसरा परिणाम पॅनहार्ड रॉडवर. तो वर्तुळाच्या कमानीत फिरतो, म्हणून गाडी वर गेली की ॲक्सल एका बाजूला ओढला जातो. ९०० मिमी लांब रॉडची दोन टोकं आधी उंचीत १०० मिमी वर-खाली असतील आणि आता १५० मिमी झाली असतील, तर ॲक्सल ७ मिमी सरकतो. एवढ्याने गाडी लगेच वाकडी चालत नाही, पण स्टिअरिंग मधोमध राहत नाही आणि एका बाजूचं टायर आत घासू शकतं. कमी-जास्त करता येणारा रॉड घालून मी ॲक्सल मध्यावर आणला. ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड समोरून पाहिल्यावर समांतर दिसायला हवेत. एकच टोक खाली-वर करून समांतरपणा मोडला, तर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपणहून वळते. हे नुसत्या डोळ्याने दिसतं, गाडीसमोर दहा पावलांवर बसून बघा.

चौथा परिणाम कॅस्टरवर, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं तिच्या मागे झुकलेल्या कोनावर. रेडियस आर्म ३ अंश फिरला की ॲक्सलही तेवढाच फिरतो आणि कॅस्टर तेवढा कमी होतो. स्टिअरिंग सोडल्यावर मध्यावर परत येत नाही, सरळ रस्त्यावर गाडी भटकते, आणि थरथर सुटायला मदत होते. भोक मध्यापासून जरा सरकवलेले दुरुस्ती-बुश घालून मी कॅस्टर परत मिळवला आणि मग अलाइनमेंटला गेलो, आधी नाही. कॅस्टर जास्तीचा परत आणायच्या मोहात पडू नका. ॲक्सल फिरला की डिफरन्शियलचं तोंड खाली झुकतं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या (ॲक्सलला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, कोन वाढतो.

मागच्या ॲक्सलला फार काही नव्हतं, पण एक गोष्ट सुटू नये. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. गाडी मागून किती दबली आहे त्यावरून तो मागच्या ब्रेकला दाब देतो. उंची वाढली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. दांडीचा ब्रॅकेट उंचीइतका सरकवून तो मॅन्युअलप्रमाणे लावून घ्या. हेडलाइट खाली करायलाही विसरू नका. समोरच्याच्या डोळ्यांचा प्रश्न आहे.

सुरक्षेचं वेगळं प्रकरण करत नाही, पण इतकं सांगतोच. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड हवेतच. काढलेलं चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवा, स्टँड निसटला तर तेवढी जागा उरेल. अखंड ॲक्सल पुरेसा खाली उतरवता आला तर स्प्रिंग सहसा ती दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय निघते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये तसं नसतं, तिथे दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हात तोडण्याइतकी ताकद असते. ब्रेकचा कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नका, तारेने बांधा.

सगळं जोडल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढली. १०० किमीवर आणि पुन्हा ५०० किमीवर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने तपासले. १०० वर पॅनहार्डचा ॲक्सलकडचा बोल्ट थोडा फिरला आणि मग पाना क्लिक झाला, ५०० वर बोल्ट जागचा हलला नाही. स्टिअरिंग डॅम्पर मी मुद्दाम दोन आठवडे काढून ठेवला आणि वर्दळ नसलेल्या रस्त्यावर ५० पासून पाच-पाचने वेग वाढवत ८० पर्यंत नेऊन पाहिला. तोच सांधा, तोच वेग, थरथर नाही. डॅम्पर लावलेला असताना ही चाचणी केली तर उत्तर डॅम्परचं मिळतं, सांध्यांचं नाही. मग तो परत बसवला.

तेव्हापासून ६,००० किमी झाले. दर महिन्याला टॉर्च घेऊन खाली जातो, रेघा बघतो, विटकरी पूड शोधतो. रेघा सरळ आहेत. बहिणीला पुन्हा स्टिअरिंगवर बसवून चित्रण केलं, बोल्टचं डोकं ब्रॅकेटसोबतच हलतं. मागच्या डाव्या शॉकअपभोवती मात्र तेलाचा ओलावा दिसायला लागलाय. तो पुसून तारीख लिहून ठेवली आहे. पुन्हा ओला झाला तर मागचे दोन्ही एकदम बदलेन.